ज्याने माझ्या गोळ्या खाडीत टाकल्या, त्याच्या मांडवात

आजारपणावर लिहिणारी माणसं शेवटी सगळ्यांना माफ करतात. तसलं मी बरंच वाचलंय. रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून दुसरं करायचं काय? कॅन्सरमुळे मला माणसं कळली, मी मोठी झाले, राग गळून पडला, असं सगळे लिहितात. माझा राग जिथल्या तिथे आहे. उलट गोळी लागू पडल्यापासून तो नीट सांभाळता येतो. दुखत होतं तेव्हा रागवायलाही ताकद उरत नव्हती.

ज्यांच्या घरात कॅन्सरचं माणूस कण्हत पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. थोडं एका माणसासाठीही लिहितेय. तो वाचेल. नाही वाचलं तर त्याला कोणीतरी वाचून दाखवेल, एवढी सोय मी करून ठेवली आहे.

मी कोण

माझं नाव सुगंधा. पनवेलच्या खाडीकाठी आमचं गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही. विमानतळाच्या धुळीत हल्ली सगळी गावं सारखीच दिसतात. बापाचं मिठागर होतं, सासरी भातशेती होती. आता दोन्ही जागी इमारती आहेत. बोलते मी आगरी, लिहिते शाळेत शिकवलं तसं.

मी धवलारीण आहे. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीचं आपलं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी मुहूर्तापुरता येतो, मांडव पडल्यापासून हळद उतरेपर्यंतचं सगळं आमच्याकडे. हे मी सासूकडून शिकले. आमच्या गावात दोन रिवाज आहेत, ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. धवलारीण मांडवात पाटावर बसली की ती मागेल ते यजमानाने स्वतःच्या हाताने आणून द्यायचं. पाणी असो, विडा असो, दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नाही. दुसरा रिवाज हळदीचा. हळद लावताना धवलारीण नवऱ्याकडच्या माणसांची नावं घेऊन चेष्टेची गाणी म्हणते, आणि त्यावर कोणी रागवायचं नाही. जो रागावेल त्याच्यावर आणखी एक कडवं.

बाहेर बस जरा

पहिल्यांदा स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केस गेले, केस आले. ते सगळं मी गुमान काढलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही, कारण तेव्हा ज्यांनी त्यांनी आपापलं काम नीट केलं. मधली काही वर्षं बरी गेली. मी पुन्हा मांडवात बसायला लागले.

मग एका लग्नात लांब ओळ घेताना श्वास बरगडीत अडकला. मला वाटलं, उसण भरली. गावातल्या बाईने तेल लावून रगडलं. पनवेलच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, मलम दिलं. दुखणं बरगडीतून पाठीत आणि पाठीतून कमरेत उतरत गेलं. शेवटी माझी लेक विद्या मला धरून मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. ती लग्न होऊन कामोठ्याला राहते.

फोटो काढून झाले, पुन्हा आत बोलावलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते विद्याशी इंग्रजीत बोलले. विद्या म्हणाली, "आई, तू बाहेर बस जरा." दुखणं माझं होतं आणि बाहेर मी बसले. काचेतून लेकीचं तोंड दिसत होतं, तेवढ्यावरून मला सगळं समजलं. कॅन्सर हाडात उतरला होता.

मग मला आत घेतलं. मी विचारलं, "दुखतंय त्याचं काय?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, हाडाचं आहे, दुखणारच. थोडं सहन करावं लागेल." आणि डोकं दुखल्यावर घेतात त्या गोळ्या लिहून दिल्या.

माणूस वाईट नव्हता. उपचार त्याने चोख केले, आजही चालू आहेत, त्यांच्यावरच मी उभी आहे. पण 'सहन करा' हे दोन शब्द त्याने ज्या सहजपणे काढले ते मी विसरलेले नाही. पुढे बरी झाल्यावर एकदा त्याने घाईघाईत विचारलं, "काय आजी, बरं ना?" तेव्हा मी खुर्चीत नीट बसले आणि म्हटलं, "तुमी इचारलंत म्हनून सांगते." मग पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. बाहेर रांग वाढत होती, नर्स दोनदा डोकावून गेली. मी मानेपर्यंत पोचल्याशिवाय उठले नाही. आता तो मला आधी विचारतो, दुखतंय का.

दुखणं

दुखणं कसं होतं ते थोडक्यात सांगते, कारण ज्याला झालंय त्याला माहीत आहे आणि ज्याला नाही त्याला सांगून पटत नाही. कूस बदलायची तर आधी मनाशी ठरवावं लागायचं. शिंक आली तर मी नाक दाबून धरायचे. गावापासून रुग्णालयापर्यंतचा प्रत्येक गतिरोधक मला बरगडीने ओळखता यायचा. विद्या रिक्षावाल्याला सांगायची, "दादा, हळू." तो हळू घ्यायचा, तरी दुखायचंच. जेवण जाईना. माशाचा वास आवडेना, आणि आमच्या घरात हे मरणाचंच लक्षण मानतात.

बघायला येणारी माणसं म्हणायची, सुगंधा धीराची, तोंडातून हूं का चूं नाही. सगळ्यांना त्याचं कौतुक. धवलारणीने मांडवात डोळ्यातून पाणी काढायचं नसतं, ते अशुभ. आयुष्यभराची ती सवय घरातही कामी येते आहे, असं सगळ्यांना वाटत होतं. मला हूं करायलाही दुखत होतं, एवढीच गोष्ट होती.

दहापैकी किती

रुग्णालयात मागच्या अंगाला दुखण्याचा वेगळा विभाग होता. इतके महिने आम्ही त्याच्यावरून जात होतो, कोणी सांगितलं नव्हतं. एका बाकड्यावरच्या बाईने सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या जबड्याचं झालं होतं आणि तो चक्क वडापाव खात बसला होता. मी विद्याला म्हटलं, "यो खातंय तं मी कनाला उपाशी मरू? जा, इचारून ये."

तिथे एक डॉक्टरीण होती, विद्याच्याच वयाची. तिने विचारलं, "दुखणं शून्य ते दहापैकी किती?"

मी म्हटलं, "मना आकडा नाय सांगता येत."

"मग असं सांगा, दुखण्यामुळे काय करता येत नाही?"

हा प्रश्न मला तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, धवला म्हणता येत नाही. लांब ओळ घेतली की श्वास तुटतो. हे सांगताना मला रडू आलं, आणि तिथे मांडव नव्हता म्हणून मी रडून घेतलं.

तिने मॉर्फिनची गोळी लिहून दिली आणि समोर बसून समजावलं. ही अफूपासून होते, हे तिनेच आधी सांगितलं, लपवलं नाही. दुखलं की घ्यायची, असं नाही. घड्याळाप्रमाणे घ्यायची, दुखणं उठायच्या आधी. पहिले काही दिवस झोप येईल, मळमळेल, मग कमी होईल. पोट साफ होणार नाही, त्याचं औषध सोबत घ्यायचं आणि ते विसरायचं नाही. "ही शेवटची गोळी नाही, आजी," ती म्हणाली. "मरणाऱ्याला देतात असं लोक म्हणतील. जगणाऱ्यालाही देतात."

पहिल्या वेळी गोळ्या रुग्णालयातूनच मिळाल्या. पुढच्या वेळी तरी जवळपास मिळतील म्हणून विद्या पनवेलच्या औषधांच्या दुकानांतून फिरली. कोणी म्हणालं ठेवत नाही, कोणी म्हणालं परवान्याची कटकट नको. एकाने गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगितलं, "असल्या गोळ्या घ्यायला नशेवाले येतात मॅडम." माझ्या लेकीचं बीएड झालेलं आहे. त्या दुकानातून मी आजही साधी चिकटपट्टी घेत नाही, आणि आमच्या आळीत कोणी घेत नाही. त्याची व्यवस्थाही मीच केली.

गोळीने काय झालं? पहिले दोन दिवस मी झोपून काढले. मग एका सकाळी मी कूस बदलली आणि बदलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी कूस बदलली. चहा मागितला. दुपारी खाटेवर बसून भाजी निवडली.

दामूभावजी

आता ज्याच्यासाठी लिहितेय तो. माझा धाकटा दीर, दामोदर. गाव त्याला दामूशेठ म्हणतं. शेजारचं घर त्याचं, अंगण सामाईक.

माझा नवरा दारूने गेला. लपवायचं काही कारण नाही, सगळ्या गावाने पाहिलं. आमच्याकडे हळदीला दारूचा पूर यायचा, त्यात घरंच्या घरं बुडाली. भाऊ गेल्यावर दामूभावजींनी व्यसनमुक्ती मंडळ काढलं. हळदीत दारू बंद, आणि हळद रात्री नाही, दिवसाउजेडी, म्हणजे अंधारात कोणाला प्यायला जाता येणार नाही. हे काम चांगलं होतं. पहिल्या सभेत गाणं मीच म्हटलं होतं. मंडळामुळे आमच्या गावातल्या कितीतरी बायका आज सुखाने जेवतात, हे मी त्यांच्यावर कितीही चिडले तरी नाकारणार नाही.

पण अध्यक्षपद माणसाच्या डोक्यात जातं. सत्काराच्या शाली कपाटात मावेनात. फेट्याशिवाय फोटो काढेनात. मग कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की अध्यक्षांच्याच घरात अफू येते.

सकाळची वेळ होती. मी ओटीवर खाटेवर होते. ते मंडळाचे दोघं घेऊन आले आणि पायरीवर उभे राहिले.

"वयनी, त्या गोल्या अफूच्या हायेत, खरा का खोटा?"

"अफूपासून व्हतात. डाकतरनीनं दिल्यात."

"भाऊ माझा कसा गेला तुमाला ठावं हाय. या घरान परत व्यसन नाय येवाचा."

"भावजी, त्यो माझा नवरा व्हता," मी म्हटलं. "व्यसन काय असतंय ते मना नका शिकवू. त्यो रोज जास्ती घ्यायचा आनि पडून रवाचा. मी गोली घेते आनि उठून बसते."

ते ऐकायला आलेच नव्हते. आत गेले, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरून गोळ्यांचा डबा उचलला आणि खाडीच्या बांधावर गेले. मला उठून मागे धावता येत नव्हतं. खाटेवरून दिसत तेवढं होतं. भरतीचं पाणी होतं, त्यात त्यांनी सगळ्या गोळ्या सोडल्या. आणि सोडताना फोटो काढून घेतला. तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'सुरुवात स्वतःच्या घरापासून'. खाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. फोटोत ते हसत होते. मागे ओटीवरची माझी खाटही आली आहे, कोपऱ्यात, जरा अस्पष्ट.

त्यानंतर

ती गोळी एकदम बंद करायची नसते. करायची तर डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात. माझी एका सकाळी बंद झाली. दुखणं तर परत आलंच, आणि सोबत घाम, थरथर, नाकातून पाणी, पोटात मुरडा. शरीराला एखाद्या औषधाची सवय झाली आणि ते अचानक काढून घेतलं तर असं होतं, म्हणे. डॉक्टरणीने पुढे मला समजावलं, की याला व्यसन म्हणत नाहीत. पण तेव्हा समजावणारं कोणी नव्हतं. दामूभावजी अंगणात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. "बगा, बगा कशी थरथरतंय. मी बोललू ना? लागली सवय."

त्यांनी मला थरथरायला लावलं आणि वर माझी थरथर पुरावा म्हणून दाखवली. माणसाने गोळ्या टाकल्या, अडाणीपणा म्हणून मी एक वेळ सोडूनही दिलं असतं. हे सोडणार नाही.

विद्या आली, मला उचलून कामोठ्याला तिच्या घरी नेलं. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, गोळ्या इतक्यात संपतील कशा? कोणाला दिल्या? विकल्या? त्याचंही बरोबर असेल, त्याला हिशेब द्यावा लागतो. पण मी खुर्चीत दुमडून बसलेली आणि त्याचे डोळे चोर पकडल्यासारखे. काकांनी टाकल्या, असं विद्या सांगत होती, आणि ते तिचं तिलाच खोटं वाटायला लागलं. तेवढ्यात तिला फोटो आठवला. तिने फोन काढून काचेतून दाखवला. ज्या फोटोची दामूभावजींना एवढी हौस, त्याच फोटोने मला गोळ्या परत मिळवून दिल्या.

डॉक्टरीण बराच वेळ तो फोटो बघत होती. मग तिने विचारलं, "यांना एकदा माझ्याकडे आणता येईल का?"

निरोप पाठवला. ते आले नाहीत. मंडळाची सभा होती.

अर्धी गोळी

कामोठ्यात मी निवांत होईन असं वाटलं होतं. पण गोळी पहिल्यासारखी लागू पडेना. माझी मी कण्हत होते आणि विद्या माझ्याकडे बघायची नाही. एका दुपारी मी गोळी तोंडात टाकायच्या आधी तळहातावर नीट पाहिली. ती मोडलेली होती. विद्या रोज मला अर्धी देत होती.

"काका म्हणतात ते अगदीच खोटं नसलं तर?" ती म्हणाली. "बाबांचं मी पाहिलंय, आई. मला नाही परत बघायचं."

तिच्यावर मी ओरडले नाही. तिच्या बापाला गटारातून उचलून आणायला ती माझ्यासोबत यायची, शाळेच्या कपड्यांत. मी तिला एवढंच म्हटलं, "इदे, मी गोली मोडून खाल्ली तं दुखना अर्धा नाय व्हत." मग मीच तिला डॉक्टरणीसमोर बसवलं आणि तिच्या मनात होतं ते सगळं विचारायला लावलं. त्यानंतर गोळी पूर्ण मिळायला लागली.

तुमच्या घरात कोणाला ही गोळी चालू असेल तर माझं ऐका. घरातल्या प्रत्येक माणसाला डॉक्टरांसमोर नेऊन बसवा, विशेषतः ज्याला सगळं कळतं त्याला. गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली ज्याचं दुखतंय त्याच्याशी किंवा त्याच्या खऱ्या माणसाशी. दुखतंय हे मोठ्याने सांगा. कौतुकासाठी गप्प बसू नका, कौतुकाने झोप लागत नाही. आणि मनाने कमी-जास्त करू नका, ना भीतीने, ना घाईने.

पुढे हाडाला किरणांचे शेकही दिले, त्याने आणखी उतार पडला. एकदा विद्या भाकऱ्या थापत होती आणि मी आतल्या खोलीत बसून गुणगुणत होते. ओळ लांब होती. शेवटपर्यंत गेली, मधे कुठे तुटली नाही. भाकरी थापायचा आवाज थांबला. मग विद्या पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मी दुसरी ओळ घेतली.

नारळ

दामूभावजींच्या मुलाचं लग्न ठरलं. बातमी ऐकल्यापासून मला नीट भूक लागायला लागली.

आमच्या गावात पूर्ण धवला येणारी आता मीच उरले आहे. तरण्या पोरींना हळदीला डीजे हवा असतो, पण जुनी माणसं मांडवात धवलारीण नसेल तर विधी झाला असं मानत नाहीत. त्यात दामूशेठचं घर म्हणजे गावाची नजर. माझी जाऊ कमळ नारळ आणि विडा घेऊन कामोठ्याला आली. जिना चढून धापा टाकत होती.

"बाय, यावा लागंल तुमाला," ती म्हणाली.

"ते नाय आयले?"

"त्यांना लाज वाटतंय."

"लाज वाटतंय का भीती?"

कमळ पदराने तोंड पुसत बसली. ती बाई बिचारी चांगली. त्या दिवसांत चोरून मला पेज आणून द्यायची. शेवटी म्हणाली, "दोनी वाटतंय."

मी नारळ घेतला. विद्या स्वयंपाकघरातून बघत होती. कमळ गेल्यावर म्हणाली, "आई, तू तिकडे काहीतरी करणार आहेस."

"मी गानार हाय," मी म्हटलं.

डॉक्टरणीला विचारून घेतलं. ती म्हणाली, जा, पाठीला लोड घ्या, दमलात की थांबा, आणि गोळीची वेळ चुकवू नका. गोळीची वेळ हळदीच्या ऐन मध्ये येत होती. विद्या म्हणाली, आपण आत खोलीत जाऊन घेऊ, कोणाला दिसणार नाही. मी तिला हो म्हटलं.

हळद

मांडव मोठा घातला होता. हळद दिवसाउजेडी, त्यांच्याच नियमाप्रमाणे. लख्ख ऊन होतं, त्यामुळे शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाचंही तोंड मला दिसत होतं. मंडळाची माणसं पुढच्या रांगेत टोप्या घालून बसली होती. दामूभावजी फेटा बांधून सगळ्यांचं स्वागत करत होते. माझ्याकडे मात्र येत नव्हते, लांबूनच हात जोडले.

मी पाटावर बसले, पाठीला लोड. देवांची नावं घेतली, पितरांना बोलावलं, नवऱ्याला हळद चढवायला सुरुवात केली. आवाज पहिल्यासारखा राहिलेला नाही, पण ओळी पूर्ण जात होत्या. मागे बायका ओळ धरत होत्या. म्हाताऱ्या बायकांचे डोळे ओले झाले, मी गेले असंच त्या धरून चालल्या होत्या.

मग चेष्टेच्या गाण्यांची वेळ आली. मी मामाचं नाव घेतलं, आत्याचं घेतलं, लोक हसले. त्यानंतर यजमानाचं घेतलं.

दामू यजमान खाडीवर गेला,
वयनीचा औषद पान्यान टाकला.
निवटी झिंगली, चिंबोरी डुलली,
बोईट बोलतंय, आनखी टाका.
आता मंडल भरवा खाडीचे तलाला,
निवट्यांचा व्यसन सोडवा, भावजी.

पहिल्यांदा बायका मागून धरायच्या थांबल्या. मग कमळने धरलं. नवऱ्याची आई म्हणून ती माझ्या शेजारीच बसली होती, हळदीची वाटी घेऊन. तिने मान खाली घालून, स्पष्ट आवाजात, निवटी झिंगली म्हटलं, आणि मग सगळ्या मांडवाने म्हटलं. खाडीच्या चिखलातले निवटे, बोईट असे मासे आणि खेकडे झिंगताना सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसले असणार. तो फोटो सगळ्यांनी पाहिला होता, अंगठे याच लोकांनी दिले होते. टोपीवाल्यांपैकी दोघं तोंडावर रुमाल धरून हसत होते. रागवायची सोय नव्हती. दामूभावजी हसले. फोटोत हसले होते तसंच हसायचा प्रयत्न करत होते.

विद्याने मला खुणावलं, वेळ झाली, आत चल.

मी जागची हलले नाही. कमरेची पिशवी सोडली, गोळी काढली आणि तळहातावर ठेवली. गाणं थांबलं.

"यजमान," मी म्हटलं, "पानी पायजे."

एक पोरगी उठायला लागली, तिला तिच्या आजीने खाली बसवलं. रिवाज सगळ्यांना माहीत होता. दामूभावजी एका जागी उभे राहिले. मंडळाच्या माणसांकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. तो हळदीने माखलेला, बापाकडे बघत होता. मग ते आत गेले आणि तांब्या-पेला घेऊन आले. माझ्यासमोर वाकून त्यांना पेला धरावा लागला, कारण मी पाटावर होते. पाणी हिंदकळत होतं. आज थरथर त्यांची होती आणि बघायला गाव होतं.

त्यांनी हळूच म्हटलं, "वयनी, पुरे करा आता."

मी गोळी दोन बोटांत धरली, उजेडात, सगळ्यांना दिसेल अशी. मोठ्याने सांगितलं, की ही अफूची गोळी आहे, डॉक्टरणीने दिलेली, हिच्यामुळे आज मी तुमच्या मांडवात बसलेय. ज्यांच्या घरात कोणी कण्हत असेल त्यांनी नंतर मला येऊन भेटा. मागच्या खुर्च्यांवरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांतल्या तिघीजणी पुढे मला भेटल्याही. एकीची सासू होती, एकीचा बाप, आणि एकीने आपलं स्वतःचंच सांगितलं.

मग मी गोळी जिभेवर ठेवली आणि त्यांच्या हातातला पेला घेतला. सावकाश प्याले. घाई करण्याचं मला काही कारण नव्हतं. तोपर्यंत ते वाकलेलेच होते. रिकामा पेला मी त्यांच्या हातात दिला.

"भावजी," मी म्हटलं, "आनखी एक आना."